काचेच्या अलीकडे

नव्या स्केट्सना धार नसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानातून आणलेलं पातं चकचकीत दिसत होतं. मी ते खोक्यातून काढलं, पोराच्या पायात चढवलं आणि त्याला बर्फावर सोडलं. बाकीची मुलं पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. आमचं ध्यान उठायच्या आधीच पडत होतं. मी काचेबाहेरून मराठीत ओरडतोय, "पाय दाब! अरे, पाय दाब की!" पाचेक मिनिटांनी शेजारी कॉफीचा पेला धरून उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी हळूच विचारलं, "धार लावून आणलीत ना?" मी म्हटलं, "नवीनच आहेत." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून लक्षात आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही. स्केट्स घेतले की त्याच काउंटरवर धार लावून मागा. पलीकडचा पोरगा विचारेल, कितीची? सांगा, अर्धा इंच. पात्याच्या तळाला जी खोबण कोरतात, तिच्या गोलाईचं हे माप. खोबण खोल असेल तर पातं बर्फ घट्ट धरतं, उथळ असेल तर सुळकन घसरतं. अर्धा इंच हे मधलं आणि बहुतेक दुकानांतलं नेहमीचं माप. पुढे खेळाडूला स्वतःची आवड कळते, तोवर हेच चालवा. दर आठवड्याला धार लावायची गरज नसते. वळताना पाय सटकायला लागला, की समजायचं. आणि स्केट्स घालून सिमेंटवर एक पाऊलही टाकू द्यायचं नाही. रिंकमध्ये जमिनीवर जे काळं रबर अंथरलेलं असतं, ते त्यासाठीच.

हे सगळं मी कॅनडात, टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी आईबापांसाठी लिहितोय. दुसरी-तिसरीतलं पोर एक दिवस शाळेतून येतं आणि जेवताना म्हणतं, "बाबा, मला हॉकी खेळायचीय." तुमच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, धनराज पिल्ले येतो. मी कोल्हापूरचा. शाळेत असताना आम्हीही मातीच्या मैदानावर हॉकी खेळलो आहोत, त्यामुळे मला वाटलं, चला, हे तर आपल्याला येतं. इथे आपल्या हॉकीला "फील्ड हॉकी" म्हणतात आणि नुसतं "हॉकी" म्हटलं की बर्फावरचीच. दोन्हींत साम्य स्टिक आणि गोल एवढंच. आपल्या हॉकीत स्टिक सगळ्यांना उजवीच, डावखुऱ्यालाही. इथे डावी-उजवी दोन्ही मिळतात, आणि गंमत म्हणजे उजव्या हाताने लिहिणारी पुष्कळ मुलं डावी स्टिक धरतात, कारण ताकदीचा हात वरच्या टोकाला ठेवून स्टिक फिरवणं सोपं जातं. मुलाला कोणती घ्यायची हे घरीच कळतं. त्याच्या हातात फरशी पुसायचा मॉप द्या आणि काही न सांगता बघा, खालचा हात कोणता राहतो. खाली डावा हात, तर डावी स्टिक.

पण स्टिक नंतर. आधी स्केटिंग. हॉकीच्या संघात नाव घालून मग स्केटिंग शिकवू, असा विचार करणारे बरेच असतात. मीही केला. पोराचा पहिला मोसम बहुतेक गुडघ्यांवर गेला. स्केट कॅनडाचा "कॅनस्केट" नावाचा प्राथमिक कार्यक्रम जवळपास प्रत्येक गावात असतो. तोल, थांबणं, मागे जाणं, पडून उठणं हे तिथे नीट शिकवतात. थांबता येत नसलेलं मूल हॉकीत स्वतःला आणि दुसऱ्याला इजा करतं, त्यामुळे एक हिवाळा इथे गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. ज्या मुलांची आधी कधी हॉकीत नोंदणी झालेली नाही, त्यांच्यासाठी "फर्स्ट शिफ्ट" म्हणून एक योजना आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सहा आठवडे, आणि डोक्यापासून पायापर्यंतचं सगळं साहित्य फीमध्येच मिळतं. आम्हाला ही उशिरा कळली. तुम्ही उन्हाळ्यातच चौकशी करा, जागा लवकर भरतात. पैशांची अडचण असेल, तर कॅनेडियन टायरच्या जम्पस्टार्ट या धर्मादाय संस्थेकडे अर्ज करता येतो. त्यात लाजायचं काही कारण नाही. हा खेळ महाग आहे हे इथल्या लोकांनाही मान्य आहे.

वयोगटांची नावं आता सरळ आहेत, यू म्हणजे अंडर, त्या वयाखालचे: यू-७, यू-९, यू-११, यू-१३, यू-१५, यू-१८. जुनी माणसं अजून नॉव्हिस, ॲटम, पीवी, बँटम म्हणतात. २०२०-२१ च्या मोसमापासून ती नावं गेली, पण गप्पांतून जात नाहीत. पूर्ण रिंक साधारण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. यू-७ आणि यू-९ची मुलं बहुतेक वेळ तिच्या एका भागातच खेळतात, आणि सगळ्यांत लहानांचा पकही (चेंडूऐवजी असते ती चकती) निळा, हलका असतो. पहिल्यांदा बघताना वाटतं, ही काय भातुकली. पण अख्ख्या रिंकवर सात वर्षांच्या मुलाला पक दोनदा लागला तरी नशीब. छोट्या जागेत तो दर मिनिटाला लागतो. हे लक्षात आलं, की तक्रार आपोआप बंद होते.

आता साहित्य. आपल्याकडे कपडे, चपला वाढत्या अंगाच्या घ्यायची रीत. पुढच्या वर्षीही चालतील, बोटभर सैल असू दे. स्केट्सच्या बाबतीत ही काटकसर महागात पडते. सैल स्केटमध्ये घोटा आत हलतो, पाय आत वाकतो, फोड येतात, आणि मूल म्हणतं मला नको हे. स्केट्स रोजच्या बुटांपेक्षा साधारण एक ते दीड मापाने लहान बसतात. मोजे पातळ, एकच जोडी. टाच मागे ठोकून बसवायची, बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. नवीनच हवेत असं नाही. जुन्या खेळसाहित्याच्या दुकानांत लहान मापाचे स्केट्स ढिगाने मिळतात, कारण मुलं ते झिजवायच्या आधी वाढतात. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचे पॅड, कोपरांचे पॅड, खांद्यांचं कवच, पँट, हातमोजे हे सगळं जुनं चालेल. हेल्मेट मात्र नवीन घ्या, सीएसए या कॅनेडियन मानक संस्थेचा शिक्का आणि तोंडावर जाळी असलेलं. जुन्या हेल्मेटने आधी किती मार खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही.

स्टिकची लांबी: स्केट्स घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत, अनवाणी उभं राहिल्यावर नाकापर्यंत. जास्त असेल तर करवतीने कापायची आणि वरच्या टोकाला टेपची गाठ बांधायची. स्टिकवर लवचिकतेचा एक आकडा असतो. मुलाचं वजन पौंडांत घेऊन त्याच्या निम्म्याच्या आसपासचा आकडा घेतला की काम भागतं. मोठ्या भावाची, बापाची, चुलतभावाची स्टिक कापून दिली तर ती लोखंडी सळीसारखी कडक होते, हे ध्यानात ठेवा.

गळपट्ट्यावर (नेक गार्ड) थोडं थांबतो. हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेच्या मुलांच्या सामन्यांत तो सक्तीचा आहे, पण सराव म्हटला की विसरला जातो, कारण तो टोचतो आणि घाम येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात ॲडम जॉन्सन हा व्यावसायिक खेळाडू दुसऱ्याच्या स्केटच्या पात्याने गळा कापला जाऊन गेला. आमच्या घरी त्या आठवड्यात या विषयावर एकदाच बोलणं झालं, पुन्हा वाद झाला नाही. गळपट्टा न घातलेलं मूल सरावालाही बर्फावर जाणार नाही.

चढवायचा क्रम असा. आधी आतली चड्डी, मग नडग्यांचे पॅड, त्यावर लांब मोजे, मग पँट, मग स्केट्स. त्यानंतर खांदे, कोपर, गळपट्टा, जर्सी, हेल्मेट आणि शेवटी हातमोजे. स्केट्स खांद्याच्या कवचाआधी का, तर कवच चढलं की मूल फुगलेल्या पुरीसारखं होतं आणि त्याला खाली वाकता येत नाही. जर्सी घातल्यावर गळपट्टा आठवला तर सगळं परत काढावं लागतं. हे तीनदा झालं, की चौथ्यांदा होत नाही.

आणि नाड्या. या खेळातली आईबापांची पहिली दोन-तीन वर्षं नाड्या बांधण्यात जातात, असं म्हटलं तरी चालेल. ड्रेसिंग रूममध्ये बाकावर ओळीने पंधरा मुलं आणि समोर ओल्या रबरावर गुडघे टेकून पंधरा बाप नाहीतर आया. मुलाचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचा. पंजावर नाडी बेताची ओढायची, बोटं हलली पाहिजेत. खरी ओढ घोट्याच्या वळणापाशी. तिथे दर भोकाला आधीचा पीळ अंगठ्याने दाबून धरायचा आणि मगच पुढचं ओढायचं, नाहीतर वर पोचेपर्यंत खालचं सैल होतं. वरची दोन भोकं पुन्हा थोडी हलकी, म्हणजे गुडघा पुढे वाकतो. उरलेली नाडी घोट्याभोवती गुंडाळायची नाही. पुष्कळ जण गुंडाळतात. त्याने पाय आवळतो आणि दहा मिनिटांनी मुंग्या येतात. माझी तर्जनी पहिल्या हिवाळ्यात नाडीने कापली गेली होती. ऑफिसमध्ये की-बोर्डवर ते बोट टेकवत नव्हतं. नाडी ओढायचा एक स्वस्त आकडा मिळतो, तो पहिल्या दिवशीच घ्या.

दहा वर्षांच्या आसपास मूल स्वतः बांधायला लागतं आणि कोच हसतमुखाने सांगतो, आईबाबांनी आता बाहेर थांबायचं. त्याआधी ड्रेसिंग रूमचे नियम तुम्हाला माहीत हवेत, कारण ते मुलांच्या सुरक्षेसाठी आहेत आणि ते पाळले जातात की नाही, हे बघणं आपलं काम आहे. खोलीत किंवा दारालगत प्रशिक्षित, तपासलेली दोन मोठी माणसं हवीत. एकट्या मोठ्या माणसाने मुलांसोबत आत राहायचं नाही. २०२३-२४ पासून हॉकी कॅनडाने असंही ठरवलंय, की मुलांनी आतले कपडे, म्हणजे टी-शर्ट आणि शॉर्ट्स किंवा अंगाला घट्ट बसणारा आतला पोशाख, घालूनच यायचं. सगळ्यांसमोर उघडं व्हायची वेळच येऊ नये. आपली मुलं याबाबतीत संकोची असतात, त्यांना हा नियम आवडतो. आत मोबाइलचा कॅमेरा उघडायचा नाही, आजीला फोटो पाठवायचा म्हणूनही नाही. नोंदणीच्या वेळी घरातल्या एका पालकाला "रिस्पेक्ट इन स्पोर्ट" हा ऑनलाइन वर्ग करावा लागतो. लोक तो एका खिडकीत चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत ईमेल बघतात. करू नका तसं. तो ज्या संस्थेने तयार केला, तिच्या संस्थापकांपैकी एक शेल्डन केनेडी. एनएचएल या इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला हा माणूस किशोरवयात स्वतःच्याच कोचकडून अत्याचार सोसून मोठा झाला आणि पुढे उघडपणे बोलला.

वेळापत्रक. घरात सगळ्यांत जास्त भांडणं यावरून होतात. बर्फाचे तास कमी आणि संघ जास्त, त्यामुळे लहान गटांना पहाटेचे तास मिळतात. शनिवारी सहाला बर्फावर म्हणजे साडेपाचला अरीनात, म्हणजे पाचला गाडीवरचा बर्फ खरवडायला. मोसम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, म्हणजे नेमका गणपतीत. आमच्या मंडळात गेल्या वर्षी आरतीला तीन मुलं हॉकीच्या जर्सीतच उभी होती. मोदक खाल्ले आणि गेली. दिवाळीच्या आसपास एखादी बाहेरगावची टूर्नामेंट हमखास येते. वर्षाच्या सुरुवातीलाच संघाच्या मॅनेजरला तुमच्या सणांच्या तारखा लिहून द्या. कळवलं तर समजून घेतात, न कळवता गैरहजर राहिलात तर नाही घेत.

स्वतःसाठी: रिंक आतूनही थंडगार असते. बाहेर उणे पंधरा असल्यावर आतली शून्याजवळची थंडी सुरुवातीला ऊबदार वाटते. वीस मिनिटांनी पायांतून वर चढते. बाकं पत्र्याची. मी आईने इचलकरंजीहून पाठवलेली गोधडी चौघडी करून नेतो. पहिल्या दिवशी लोकांनी बघितलं, तिसऱ्या आठवड्यात एका गोऱ्या आजीबाईंनी ती कुठे मिळते ते विचारलं.

खाणं: सामन्याआधी दोन-अडीच तास पोटभर, मग फक्त केळं किंवा तूप-साखरेची पोळी गुंडाळून. पहाटेच्या खेळाआधी पोटभर पोहे देण्याचा मोह होतो, त्यांचं काय होतं ते मी सविस्तर सांगत नाही. खेळानंतर दूध, उपमा, काहीही. पाणी बर्फावरही लागतं. थंडीत तहान कळत नाही, पण त्या कवचाखाली मुलं घामाने निथळतात. तुमचं घर शाकाहारी असेल तर तेही मॅनेजरला आधी सांगा. सामन्यानंतरचा पिझ्झा नेहमीच मांसाचा येतो, आणि आपलं मूल कोपऱ्यात बसून वरचे तुकडे काढत बसलेलं बघवत नाही.

वासाबद्दलही सांगायला हवं. हॉकीच्या बॅगेचा वास काय असतो, ते शब्दांत मावत नाही. ओल्या गोणपाटात आठवडाभर दही ठेवावं, साधारण तसा. घरी आल्या आल्या सगळं बाहेर काढून तळघरात टांगायचं, हातमोजे उलटे करून, स्केट्सची पाती पुसून, नाड्या सैल करून जीभ बाहेर ओढून. कपडे वाळवायचं जुनं घडीचं स्टँड असेल तर ते यासाठी उत्तम. हे काम मुलावर सोपवा. पहिल्या वर्षापासून. बॅग गाडीत ठेवून रात्र काढली तर आठवडाभर गाडी तशीच राहते.

आता काच. रिंकभोवती उंच पारदर्शक काच असते, पक बाहेर येऊ नये म्हणून. ती आईबापांना बाहेर ठेवायलाही उपयोगी आहे, पण आवाज तिच्यावरून जातो. आपण सगळे अभ्यासू समाजातली माणसं. मूल परीक्षेहून आलं की पहिला प्रश्न, किती मार्क पडले? तोच प्रश्न इथे रूप बदलून येतो. किती गोल केलेस? आणि मग पास का नाही दिलास, मागे का नाही आलास, तो अमुक बघ कसा पळत होता. मी हे सगळं केलंय. घरापर्यंतची पंचवीस मिनिटं गाडीत एक आढावा बैठक चालायची. एका रविवारी पोराने मागच्या सीटवर हेल्मेट न काढताच बसायला सुरुवात केली. विचारलं, तर म्हणाला, "असंच." दोन आठवड्यांनी मला कळलं, की हेल्मेट घातलं की माझं बोलणं कमी ऐकू येतं.

तेव्हापासून गाडीत मी खेळाबद्दल बोलत नाही. तो बोलला तर बोलतो. बहुतेक वेळा तो बोलतो ते ड्रेसिंग रूममधल्या विनोदाबद्दल, किंवा झॅम्बोनीबद्दल. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या त्या यंत्राचं लहान मुलांना खेळाइतकंच वेड असतं. कधी बुधवारी रात्री, झोपताना, अचानक म्हणतो, मी तो पास द्यायला हवा होता. त्याला माहीत असतं. आपण सांगायची गरज नसते.

मी ओरडणं थांबवलं, ते मात्र वेगळ्या कारणाने. संघाला दर सामन्याला पालकांची मदत लागते: घड्याळ सांभाळायला, गुणपत्रक लिहायला, आणि शिक्षा झालेल्या मुलाच्या कोठडीचं दार उघडायला. ज्याला खेळातलं काही कळत नाही, त्याला दार देतात. मला दिलं. पाहुण्या संघाचा एक मुलगा, यू-११चा, कुणाला तरी पाय घालून आत आला. आपटून बसला. तिथून बाकांवरचं सगळं स्पष्ट ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं. त्याचा बाप काचेपलीकडून ओरडत होता, रेफरीला, मग कोचला, मग त्या पोरालाच. पोराने मान खाली घातली होती. जाळीतून एक थेंब त्याच्या हातमोज्यावर पडला, त्याने तो पटकन दुसऱ्या हातमोज्याने पुसला आणि माझ्याकडे बघितलं, मी पाहिलं का म्हणून. मी घड्याळाकडे बघत राहिलो. रेफरी शेजारून गेली, तीही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असावी. मुलांच्या सामन्यांतले बरेचसे रेफरी स्वतःच शाळकरी असतात. मोसम संपेपर्यंत त्यातले कितीतरी सोडून जातात, आणि कारण विचारलं तर बाकांकडे बोट दाखवतात.

वेन ग्रेट्झ्कीचं नाव इथे पोराच्या तोंडून तुम्ही ऐकालच. ब्रँटफर्डच्या घरामागे वडिलांनी पाणी सोडून केलेल्या बर्फावर तो शिकला. दहा वर्षांचा असताना एका मोसमात त्याने ३७८ गोल केले. आणि त्याच गावातल्या इतर मुलांच्या आईबापांनी बाकांवरून त्याला इतकं हिणवलं, की चौदाव्या वर्षी तो घर सोडून टोरोंटोला खेळायला गेला. तो गेला तो त्याच्या खेळासाठीही, पण या लोकांच्या जिभेपासून लांब राहायलाही. सर्वांत मोठ्या खेळाडूची ही गत, तर आपल्या पोरांचं काय सांगावं.

कोचशी काही बोलायचं असेल तर २४ तास थांबायचं, असा नियम बहुतेक संघांत सांगितलेला असतो. पाळा. सामन्यानंतर लगेच लिहिलेला ईमेल दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला की आपलाच चेहरा लाल होतो. दुसऱ्या दिवशीही बोलावंसं वाटलं तर बोला. पण किती मिनिटं बर्फावर मिळाली याबद्दल बोलायचं असेल, तर आधी मुलाला विचारा. त्याला ती तक्रार आहे का, की तुम्हालाच आहे?

यू-९, यू-११च्या सुमारास एक नवा शब्द घरात येतो: रेप. म्हणजे निवड चाचणी होऊन बनलेले संघ. ए, डबल ए, ट्रिपल ए. बाकी सगळे हाऊस लीगमध्ये. हाऊस लीगची फी परवडण्यासारखी असते आणि आठवड्याचे एक-दोन दिवस जातात. ट्रिपल एमध्ये अनेक कुटुंबांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलर ओलांडतो, वर शनिवार-रविवार, हॉटेलं, सुट्टीतली शिबिरं. मराठी घरात लगेच विचार होतो, की पुढची पायरी असेल तर चढलीच पाहिजे. मी एवढंच सांगेन: निवड चाचणीला नेण्याआधी मुलाला विचारा, आणि "नको" म्हणालं तर ते खरं धरा. हाऊस लीगमध्ये यू-१८पर्यंत मजेत खेळलेली मुलं मी पाहिली आहेत. ट्रिपल एमध्ये तेराव्या वर्षी स्टिक फेकून दिलेलीही पाहिली आहेत.

निवड झाली नाही तर मुलाचा जन्ममहिनाही आठवा. वयाची सीमारेषा एक जानेवारी. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की वरच्या पातळीवरच्या कॅनेडियन संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं फारच जास्त असतात. जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठं. नऊ वर्षांच्या मुलांत एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची. कोच त्याला "गुणी" म्हणतात, त्याला जास्त सराव मिळतो, आणि मग ते खरंच पुढे जातं. आमचा नोव्हेंबरचा. हे कळल्यावर एका चाचणीतला माझा राग निम्मा उतरला.

अंगाने धडक मारणं, ज्याला बॉडी चेकिंग म्हणतात, ते यू-१३पर्यंत बंद आहे. पूर्वी अकरा-बारा वर्षांच्या मुलांनाही अनेक प्रांतांत परवानगी होती. कॅल्गरीच्या संशोधकांनी अल्बर्टा आणि क्वेबेकमधल्या मुलांची तुलना करून २०१० मध्ये दाखवलं, की धडकेला परवानगी असलेल्या ठिकाणी सामन्यांतल्या इजांचा धोका तिपटीहून जास्त होता. हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये त्या वयात ते थांबवलं. तरी डोक्याला मार लागणं थांबत नाही: पडून, काचेवर आपटून, कुणाच्या कोपराने. ओंटारियोत रोवन स्ट्रिंगर नावाची सतरा वर्षांची मुलगी २०१३ मध्ये रग्बी खेळताना डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागून गेली. तिच्या नावाने २०१८ मध्ये कायदा झाला. त्यामुळे दर वर्षी नोंदणीच्या वेळी मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची माहिती वाचून सही करावी लागते. ती सही करताना दोन मिनिटं खरोखर वाचा. डोकं दुखणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, बोलताना अडखळणं, नेहमीपेक्षा गप्प होणं यांपैकी काहीही दिसलं, तर त्या दिवशी खेळ संपला. मूल म्हणेल, मी बरा आहे, शेवटचा पीरियड तरी खेळू दे. ऐकायचं नाही. डॉक्टरने होकार दिल्याशिवाय पुन्हा बर्फावर नाही. प्रत्येक संघाला प्रशिक्षित ट्रेनर असतो, त्याचं आणि तुमचं मत वेगळं पडलं तर जो जास्त घाबरलेला असेल त्याचं ऐका.

ब्रॅम्प्टनच्या रिंकमध्ये गेलात तर बाकांवर पंजाबी सहज कानावर पडेल. २००८ पासून टीव्हीवर हॉकीचं पंजाबी समालोचनही आहे. आमचं तसं काही नाही. पण संघात दोन मराठी घरं असली की गाडी वाटून घेता येते, एकाने पहाटेचा सराव, दुसऱ्याने बुधवारचा. तेवढ्यासाठी तरी मंडळाच्या कार्यक्रमात विचारत जा, कुणाचं मूल खेळतं का म्हणून.

मार्चमध्ये मोसम संपला की लगेच पुढच्या वर्षीचे स्केट्स विकत घेऊ नका. मीही सवलत बघून एकदा घेतले आणि ऑगस्टमध्ये ते पायात शिरेनात. उन्हाळ्यात पोरं उसासारखी वाढतात. जुने विकून टाका, पैसे बाजूला ठेवा, पाय ऑगस्टच्या शेवटी मोजा. आणि रिकाम्या बॅगेची चेन तोवर उघडीच राहू द्या.